पस्तीस अक्षरांची ओळ

उमाने पेन्सिलीने ‘मिल्कशेक’वर आडवी रेघ मारली. मग ‘वॉलपेपर’वर. मग ‘रत्नागिरीतली स्वस्त हॉटेलं’ या सबंध ओळीवर. टेबलावर पसरलेले अकरा कागद शौनकने आदल्या दिवशी शहरातून छापून आणले होते. तिसऱ्या कागदापर्यंत पोचेस्तोवर पेन्सिल बोथट झाली.

“आत्या, तो नुसता रिपोर्ट आहे,” शौनक दारातून म्हणाला. “त्यात खोडण्यासारखं काही नाही.”

“ही सगळी माणसं आपल्याकडे आली होती ना?”

“आली म्हणजे, त्यांनी गूगलवर हे शब्द टाकले, बाजूला आपली जाहिरात दिसली आणि त्यांनी तिच्यावर क्लिक केलं.”

“आणि दर क्लिकमागे आपण पैसे भरले.”

“हो.”

“ह्याला राहायला खोली हवी होती रे,” उमा कागदावर बोट ठेवून म्हणाली. “आणि ह्याला नोकरी. हे आपल्याकडे आंबे कशाला घेतील? चुकीच्या घरी घंटी वाजवून ठेवल्येस तू.”

दोन वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, शौनक मुंबईतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून नेवऱ्याला परत आला होता. कातळावरची एकशे चाळीस कलमं, मागच्या परसात फणस, रातांब्याची झाडं. वडिलांच्या काळात सगळा आंबा महिपतशेट नावाचा व्यापारी उचलून वाशीला पाठवी. शौनकला तो थेट खाणाऱ्याच्या घरी पोचवायचा होता. त्याने स्वतः वेबसाइट बांधली, तिच्यावर दुकान मांडलं, चांगले फोटो घातले. पहिल्या वर्षी मित्रांनी आंबे घेतले. दुसऱ्या वर्षी मित्रही थकले, तेव्हा त्याने ‘मँगो’ आणि ‘रत्नागिरी’ या दोन शब्दांवर जाहिरात लावली. माणसं शेकड्यांनी आली आणि तशीच निघून गेली. आता २००८चा फेब्रुवारी होता. या मोसमात जमलं नाही तर बाग ठेक्याने देऊन मुंबईला परत जायचं, असं त्याचं आणि बायकोचं, ऋजुताचं, ठरलं होतं. उमाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं नव्हतं असं मात्र नाही.

उमाने रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी येऊन राहिली आणि भाऊ गेल्यावर तिथेच थांबली. ट्रंक कॉलच्या दिवसांत लोक नंबर विसरत, गावाचं नाव चुकवत, घाबरून भलतंच बोलत. बंदरावरचा एक खलाशी “मुंबईची मावशी द्या” एवढंच म्हणे. उमा दोन प्रश्न विचारी, तिसऱ्याची गरज पडत नसे.

“मला हे शिकव,” कागद गोळा करत ती म्हणाली.

“काय?”

“हे. कुठल्या शब्दाला आपण दिसायचं आणि कुठल्या शब्दाला नाही, ते.”

शौनकला वाटलं, दोन दिवस बसेल आणि कंटाळेल. त्याने तिला कॉम्प्युटर लावायला, नेट जोडायला, जाहिरातीचं खातं उघडायला शिकवलं. नको असलेले शब्द टाकायची एक वेगळी जागा असते, तीही दाखवली. ते शब्द कुणी लिहिले तर आपली जाहिरात दिसतच नाही. उमाने खुर्ची पुढे ओढली आणि त्या एका सकाळी एकशे सोळा शब्द तिथे घातले.

दुसऱ्या दिवशी तिने वेळापत्रक लावून दिलं. नेट चालू असलं की घरचा फोन एंगेज लागे. शौनक दिवसभर नेट चालू ठेवी आणि गिऱ्हाइकांचे फोन येत नाहीत म्हणून हळहळे. आता सकाळी सहा ते आठ आणि दुपारी दोन ते चार नेट, बाकीच्या वेळी फोन मोकळा. वीज जायची वेळ तिने आधीच वजा केली होती. आठवडाभरात फोन वाजायला लागला.

फोन उमाच घेई. बोलता बोलता शेजारच्या वहीत लिही. ती काय लिहिते ते पाहायला शौनक एकदा वाकला. पत्ते, डझन, असलं काही नव्हतंच. लोकांनी वापरलेले शब्द होते. ‘कार्बाइडची पावडर न लावलेला.’ ‘घरच्यासारखा.’ ‘आजीला चालेल असा, फार आंबट नको.’ ‘आढीतला.’ एका बाईंनी साठं मागितलं होतं आणि त्यांच्या सुनेने मागून आंबापोळी म्हणून सांगितलं होतं. दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून उमाने पुढे नोंदलं होतं: सासू आठवते, सून शोधते.

“जाहिरातीत ‘जगातला सर्वोत्तम आंबा’ असं तू लिहिलंयस,” ती म्हणाली. “इतक्या दिवसांत फोनवर एकानेही जगातला सर्वोत्तम आंबा मागितला नाही.”

“मग काय लिहू?”

“किती जागा असते?”

“वर पंचवीस अक्षरं. खाली पस्तीस-पस्तीसच्या दोन ओळी. तीही रोमनमध्ये. फार थोडी जागा आहे गं.”

“थोडी कुठे? आम्ही फोनवरून तारा घ्यायचो. लोक दहा शब्दांत बारसं उरकायचे.”

तिने लिहिलं ते असं: ‘नेवऱ्याचा हापूस. आढीत पिकवलेला, पावडर नाही. डागी निघाला तर बदलून देऊ.’ रोमन अक्षरांत बसवताना तिने तीनदा शब्द बदलले, एक स्वल्पविराम काढला, आणि शेवटच्या ओळीत एक अक्षर शिल्लक राहिलं याचा तिला आनंद झाला. मग तिने परसातल्या रातांब्यांच्या, गेल्या वर्षी वाळवलेल्या आमसुलांसाठी वेगळी जाहिरात केली. आमसूल हा एक शब्द लोक रोमनमध्ये नऊ तऱ्हांनी लिहितात हे तिने रिपोर्टातून शोधून काढलं होतं. नऊच्या नऊ तिने घातले. चुकीच्या स्पेलिंगवर दुसरं कुणी जाहिरात करत नव्हतं, त्यामुळे ते शब्द स्वस्तात पडले.

“चुकीचं लिहितो त्याला आमसूल नको असतं का?” तिने विचारलं, आणि शौनकला हसू आलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बडोद्याहून आमसुलांची पहिली मोठी ऑर्डर आली. मग इंदूर, मग नागपूर. फणसाचे पापड लाटणारी तुळसा वाडीतून रोज येई. ती एकदा पाकिटावरचा पत्ता ऋजुताकडून वाचून घेऊन म्हणाली, “इंदूर म्हंजे कुटं वो? माजा पापड माज्या आदी गेला बगा.” एप्रिलात तिने चिमाला, आपल्या जावेला, सोबत आणलं, आणि तरीही दुपारचं कुरिअर गाठताना चौघींची धावपळ होई.

शौनक पाहत राहिला. मुंबईत त्याने या कामाची पुस्तकं वाचली होती, एक महागडी कार्यशाळाही केली होती. तिथे शिकवलेलं सगळं बरोबरच होतं. पण तिथे कुणी माणसाविषयी बोललं नव्हतं. एकदा नाशिकच्या एका गृहस्थांना पाच डझन हवे होते. उमाने विचारलं, “घरात खाणारे किती?” “आम्ही दोघंच.” “मग दोन डझन घ्या. पाच घेतलेत तर शेवटचे तीन डझन उतरतील. हे संपत आले की फोन करा, पुढचे पाठवते.” शेजारी उभ्या शौनकने कपाळाला हात लावला. ते गृहस्थ त्यानंतर दर आठवड्याला फोन करत राहिले, आणि त्यांनी सांगितलं म्हणून त्यांच्या सोसायटीतून आणखी सहा घरं. तेव्हापासून उमा फोनवर बोलत असली की शौनक हातातलं काम थांबवून ऐके.

त्याने ऋजुताला एकदा म्हटलं, “मी दुकान मांडलं. गिऱ्हाईक आणलंन तिने.”

“हे तिला सांगितलंस?”

“तिला नाही सांगता येत असलं काही.”

अडचण मे महिन्यात आली. कलमांना दुसरा मोहोर भरपूर आला होता, पण तुडतुड्याने तो काळा करून टाकला. फवारणी करूनही फळ धरलं नाही. पहिल्या मोहोराचा आंबा होता तो मेच्या बारा तारखेला संपला. आढीत शेवटची दहा-बारा डझनं उरली, तीही आधीच नोंदवलेली. आणि जाहिरात तर आत्ता कुठे भरात आली होती. रोज पंधरा-वीस ऑर्डरी येत होत्या. सुट्ट्या लागल्या होत्या, माहेरवाशिणी आल्या होत्या, लोकांना आंबा हवा होता.

महिपतशेट त्याच दिवशी मोटारसायकलवरून आला. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, पायरीवर बसून त्याने पाणी घेतलं.

“तुमचं चाललंय ते ऐकतोय मी. बरं वाटतं,” तो म्हणाला. “माल संपला म्हणे?”

“संपत आलाय.”

“माझ्याकडे घाटावरून आलेला आहे. दक्षिणेकडचा. रंग बघा, आकार बघा, तुम्हालासुद्धा ओळखू यायचा नाही. पेटीवर तुमचं नाव. तीनशे पेट्या देतो, म्हणाल तेव्हा.”

“आमच्या गिऱ्हाइकांना कळेल.”

“शंभरातल्या पाचांना कळेल. ते म्हणतील, यंदा जरा पाणचट झाला.” महिपतशेट उठला. “जबरदस्ती नाही. सगळेच करतात म्हणून सांगितलं.”

दोन दिवस शौनक नीट जेवला नाही. एवढा मोसम पुरा झाला असता तर मुंबईचा विषय कायमचा मिटला असता. आढीसाठी नवी खोली बांधायची होती, तुळसा आणि चिमाला बारमाही काम देता आलं असतं. हे सगळं तो मनाशी पुन्हा पुन्हा मांडत होता आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने माजघरातून महिपतशेटला फोन लावला.

“हो, उद्या सकाळी टेंपो पाठवा,” तो हळू आवाजात म्हणाला. “लेबलं मी देतो.”

फोन ठेवून तो ओटीवर आला. अंगणात, हाकेच्या अंतरावर, उमा रातांबे फोडत बसली होती, बोटं लाल झाली होती. तिने वर पाहिलं नाही.

“शहरात जाणारेस आज?” तिने विचारलं.

“दुपारी. कुरिअरवाल्याकडे काम आहे.”

“बरं.”

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि ती कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. नेटची वेळ नव्हती. शौनकच्या ते लक्षात आलं नाही.

कुरिअरच्या कचेरीशेजारी एक सायबर कॅफे होता. शहरात आला की शौनक तिथे पंधरा मिनिटं बसे आणि गिऱ्हाईक होऊन आपलीच जाहिरात शोधून पाही. क्लिक करत नसे, नुसती पाही. उमा त्याला त्यावरून हसायची, आरशात बघतोस म्हणायची. त्या दुपारीही त्याने ‘रत्नागिरी हापूस’ लिहून बटण दाबलं. पान हळूहळू उतरलं. उजव्या बाजूला, वरून पहिली, त्यांची जाहिरात होती. शब्द वेगळे होते.

नेवऱ्याचा हापूस संपला.
आमच्या झाडांचा आंबा यंदा एवढाच.
दुसऱ्याचा आणून विकत नाही.

शौनकने ते दोनदा वाचलं. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी परीक्षेचा निकाल पाहत होती, तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, कारण त्याने टेबलावर हात आपटला होता. पंधरा मिनिटं व्हायच्या आत तो बाहेर पडला.

घरापर्यंतच्या रस्त्यावर त्याने मनात काय काय बोलून घेतलं. विचारायचं तरी होतंस. दुकान माझं आहे. भर मोसमात, देशभर, पैसे देऊन सांगायचं की आमच्याकडे माल नाही! असं जगात कुणी करतं का? आरे-वाऱ्याच्या चढावर त्याचा राग सगळ्यात जास्त होता. खाली समुद्र दिसायला लागला तरी तो उतरला नव्हता.

उमा तुळसाबरोबर अंगणात आमसुलं पालथी करत होती.

“जाहिरात कुणी बदललीन?” त्याने स्कूटर उभी करायच्या आधीच विचारलं.

“मी.”

“मला न विचारता?”

“हो.”

तुळसाने दोघांकडे पाहिलं आणि ती सूप उचलून मागच्या अंगाला गेली.

“आत्या, देशभर लागल्ये ती! लोक काय म्हणतील? उद्या...” तो थांबला. उद्या काय आहे हे तिला सांगायची त्याची तयारी नव्हती.

“नको असेल तर काढून टाक,” उमा म्हणाली. “खातं तुझं आहे. तुला सगळं येतं.”

त्याने आत जाऊन नेट जोडलं. जाहिरातींची यादी उघडली आणि पहिल्यांदा त्याला दिसलं ते हे की जुनी जाहिरात होती तशीच चालू आहे. आढीत पिकवलेला, पावडर नाही, डागी निघाला तर बदलून देऊ. पुण्यात, नाशकात, इंदुरात, सगळीकडे ती दिसत होती आणि दुपारपासून नऊ ऑर्डरी आल्या होत्या. उमाने त्यातल्या एकीलाही अडवलं नव्हतं.

नवी जाहिरात त्या यादीच्या तळाशी वेगळी होती. जाहिरात कुठल्या गावांत दिसावी ते ठरवायचं एक पान असतं. शौनकने ते उघडलं. एरवी तिथे दहा-बारा शहरांची नावं असत. या जाहिरातीपुढे एकच नाव होतं, जुनीतून उचलून आणलेलं: रत्नागिरी. नकाशावर शहराभोवती एक लहानसं वर्तुळ काढलेलं होतं.

रत्नागिरीत बसून रत्नागिरीचा हापूस इंटरनेटवर कोण शोधणार?

नावापुढच्या रकान्यात जाहिरात आजवर किती वेळा दिसली तो आकडा होता. एक.

शौनक त्या आकड्याकडे पाहत बसला. पंखा थांबला, वीज गेली. बॅटरीवर चालणारा कॉम्प्युटर बारीक आवाज करू लागला. बाहेर उमा तुळसाला हाक मारून सांगत होती की सूप इकडेच आण, ऊन अजून आहे. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

त्याने नेट तोडलं, म्हणजे फोन मोकळा झाला. महिपतशेट फोनवर लगेच भेटला.

“टेंपो पाठवू नका,” शौनक म्हणाला. “नाही, दुसरीकडून घेत नाहीये. कुठूनच घेत नाहीये.”

महिपतशेट म्हणाला, “तुमच्या वडिलांनीही एकदा मला असंच नाही म्हटलं होतं,” आणि त्याने फोन ठेवला. शौनकला त्यातला राग किती आणि बाकी काय ते कळलं नाही.

मग त्याने यादी काढली. गेल्या तीन दिवसांत पैसे भरलेले बावन्न लोक होते. अंधार पडेपर्यंत तो एकेकाला फोन करत राहिला. आंबा संपला, पैसे परत पाठवतो. दोघं रागावले. एक बाई म्हणाली, “अहो, मुलगी अमेरिकेतून येत्ये, तिला काय सांगू?” आणि शौनक नुसता “चुकलं” म्हणाला. बाकीच्यांनी बरं म्हटलं. ऋजुता काही न विचारता त्याच्या शेजारी बसून नावांपुढे खुणा करत होती. तिला त्याने दुपारचं सगळं सांगितलं ते नंतर, जेवताना नव्हे, भांडी आवरताना, हळूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, नेटच्या वेळेला, त्याने जुनी जाहिरात बंद केली. नवीच्या पानावर जाऊन रत्नागिरीचं वर्तुळ पुसलं आणि शहरांची नावं एकेक करून घातली. पुणे, नाशिक, नागपूर, बडोदा, इंदूर. शेवटचं बटण दाबायच्या आधी तो थोडा थांबला, पण फार नाही.

उमा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, कप त्याच्या हाताशी ठेवला आणि ती गेली.

त्या पंधरवड्यात जे झालं ते शौनकने कुठल्या कार्यशाळेत ऐकलं नव्हतं. आंबा नाही असं सांगणाऱ्या जाहिरातीवर लोक क्लिक करू लागले. काहींना वाटलं चुकून लागली आहे, काही नुसते बघायला आले. बरेचसे फोन करत. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, “माल नाही, मग जाहिरातीला पैसे कशाला घालता?” शौनक म्हणाला, “तुम्ही शोधत होतात म्हणून.” ते हसले आणि त्यांनी पुढच्या वर्षीसाठी नाव लिहून ठेवायला सांगितलं. भावसुद्धा विचारला नाही. मेअखेर त्या यादीत तीनशे चौदा नावं झाली. आमसुलं आणि फणसपोळी तर जूनच्या आतच अर्धी संपली, आणि तुळसाने वाडीतल्या आणखी दोघींना रातांबे फोडायला बोलावून घेतलं. मुंबईचं घर बघायला जायची तारीख ऋजुताने कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिली होती. ती तिने कधी खोडली ते शौनकला कळलं नाही. एक दिवस ती तिथे नव्हती.

आत्याशी त्या दुपारबद्दल बोलावं असं त्याला अनेकदा वाटलं. एकदा तो रातांबे फोडायला तिच्याशेजारी बसलाही. तिने त्याला सुरी कशी धरायची ते दाखवलं, आणि दोघं तासभर तेवढंच करत राहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, उमा कॉम्प्युटरपुढे बसली होती. शौनक मागून आला तेव्हा ती जाहिरातीची शेवटची ओळ, ‘दुसऱ्याचा आणून विकत नाही’, खोडत होती.

“ती कशाला काढतेस?” तो म्हणाला. “लोक त्या ओळीवरूनच फोन करतायत. राहू दे की.”

“जागा हवी आहे मला. आमसुलं तयार आहेत ते सांगायचंय.”

“ते वरच्या ओळीत बसव. ही छान आहे.”

उमाने चष्मा वर सरकवला आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

“आता कशाला हवी ती?” ती म्हणाली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकेक अक्षर मोजत लिहू लागली.